पॉलिश आणि कोटिंग यांच्या मधले काम

शनिवार, १ नोव्हेंबर

गाडी नऊ वर्षांची आहे. तिचा गडद निळा रंग ढगाळ दिवशी काळाच भासतो, म्हणजे एकही ओरखडा न लपवणारा. पॉलिश करून तिच्यावर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर पक्का बसणारा पातळ संरक्षक थर, चढवायचे ठरवले आहे. या नोंदींचा भर पॉलिशच्या तंत्रावर न ठेवता, पॉलिश संपल्यापासून कोटिंगचा पहिला थेंब पडेपर्यंतच्या कामावर ठेवणार आहे, कारण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गाडीवर मी नेमका याच टप्प्यात फसलो होतो. त्या वेळी पॉलिशनंतरची लकाकी पाहून हुरळून गेलो, अल्कोहोलचा एक हात घाईघाईने फिरवला आणि कोटिंग लावून मोकळा झालो. पुढे काही महिन्यांतच बॉनेटच्या अर्ध्या भागावर पाण्याचे थेंब बनेनासे झाले. उरलेल्या अर्ध्या भागावर कोटिंग पक्के बसले होते खरे, पण त्याच्याखाली मशीनच्या खुणाही तितक्याच पक्क्या बसल्या होत्या.

आज केवळ मोजमाप केले. जाडी मोजण्याच्या गेजवर टप ११८ ते १२६ मायक्रॉन, बॉनेट ११२ ते १२१ आणि डाव्या बाजूची दोन्ही दारे ११५ च्या आसपास भरली. उजवे मागचे दार मात्र २४० ते २६५ दाखवते, कारण ठोकर लागल्यावर ते पुन्हा रंगवले गेले होते. पुढचा बंपर पाच आठवड्यांपूर्वीच रंगवून आला आहे, पण तो प्लॅस्टिकचा असल्यामुळे त्यावर हे गेज चालत नाही. ते लोखंडी पत्र्यावर चुंबकीय तत्त्वाने आणि ॲल्युमिनियमवर एडी करंटच्या तत्त्वाने मोजते, आणि प्लॅस्टिकमध्ये त्याला पकडायला काहीच मिळत नाही.

कारखान्यातून आलेल्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते आणि तिच्यात सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. आपण घासतो तो हाच थर. गेज एकूण जाडी सांगते, क्लिअर कोट किती उरला आहे ते सांगत नाही, आणि पुन्हा रंगवलेल्या दारावरचा २५० चा आकडा पाहून तिथे घासायला भरपूर वाव आहे असे समजणे धोक्याचे आहे. ती जाडी प्रायमरची किंवा पुट्टीचीही असू शकते.

रविवार, २ नोव्हेंबर

धुणे आणि खोल साफसफाई. प्रथम फोम, मग दोन बादल्यांच्या पद्धतीने शाम्पू, त्यानंतर डांबराच्या ठिपक्यांसाठी सॉल्व्हंट आणि रुतलेल्या लोहकणांसाठी लोह विरघळवणारे द्रावण. या द्रावणातील थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावून जांभळा रंग देते, त्यामुळे मागच्या बाजूला जांभळ्या धारा ओघळताना दिसल्या. वासाबद्दल न लिहिलेलेच बरे. नव्या बंपरवर ते मारले नाही.

शेवटी क्ले, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा गोळा, फिरवला. हातात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घालून पत्र्यावरून बोटे फिरवली की उघड्या हाताला न जाणवणारी खरखर जाणवते. क्लेनंतर ती टपावर आणि बॉनेटवर पूर्णपणे गेली. क्लेमुळे स्वतःचे बारीक ओरखडे पडतात, पण पुढे पॉलिश होणारच असल्याने त्याची चिंता केली नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पॉलिश पूर्ण. बहुतेक पॅनेलांवर १५ मि.मी. थ्रोचे ड्युअल ॲक्शन मशीन (यात पॅड फिरता फिरता डोलतेही; थ्रो म्हणजे त्या डोलण्याचा आवाका) वापरले: आधी मायक्रोफायबर पॅडवर कंपाउंड (जास्त घासणारे पॉलिश), मग मऊ फोम पॅडवर फिनिशिंग पॉलिश. बॉनेटच्या मागच्या कडेला, काचेजवळ, खोल चरे होते, तेथे एकाच अक्षाभोवती फिरणारे रोटरी मशीन आणि लोकरी पॅड चालवावे लागले. काम संपल्यावर गेज पुन्हा लावले, तर बॉनेटवर सरासरी २ मायक्रॉनची घट दिसली. मात्र गेजची स्वतःची चूकच २ ते ३ मायक्रॉनची असल्याने या आकड्याचा अर्थ ‘फार काही गेले नाही’ यापलीकडे काढता येत नाही.

संध्याकाळी दिवा धरून पाहिले तेव्हा बॉनेट आरशासारखे दिसत होते. गेल्या वेळी मी येथेच थांबलो होतो, म्हणून या वेळी मुद्दाम बॉनेटचा अर्धा भाग टेप लावून वेगळा केला आणि तेवढाच अल्कोहोलच्या द्रावणाने दोनदा पुसला. पुसलेल्या अर्ध्या भागावर रोटरीच्या होलोग्रामच्या, म्हणजे मशीनने सोडलेल्या सूक्ष्म खुणांच्या, लांब, पिसासारख्या सावल्या काचेजवळच्या पट्ट्यात परत आल्या, तर न पुसलेला अर्धा भाग तसाच निष्कलंक दिसत राहिला. टेप काढल्यावर मधोमध जी रेघ दिसली तिच्याकडे मी बराच वेळ पाहत बसलो.

याचे कारण समजायला अवघड नाही. पॉलिशमध्ये घासणाऱ्या कणांबरोबर, आणि हे कण बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे असतात, तेले आणि सॉल्व्हंटही असतात. त्यांच्याशिवाय पॅड कोरडे पडून रंग ओढू लागेल. काम झाल्यावर कणांचा चुरा आपण पुसून टाकतो, पण तेलाचा पातळ पापुद्रा मागे राहतो आणि तो सूक्ष्म ओरखड्यांच्या खोबणीत भरतो. ओरखडा दिसतो तो त्याच्या कडांवरून प्रकाश वाकड्या दिशेने फेकला जातो म्हणून. क्लिअर कोटचा वक्रीभवनांक सुमारे १.५ आहे आणि या तेलांचाही त्याच्या जवळपासचाच असतो, त्यामुळे खोबण तेलाने भरली की प्रकाश त्या कडेवर फारसा वळत नाही आणि ओरखडा नाहीसा झाल्यासारखा वाटतो. काही पॉलिशांत हे काम करणारे भरणद्रव्य मुद्दामच घातलेले असते. विक्रीसाठी गाडी चमकवायची असेल तर त्यात काही वावगे नाही. कोटिंगच्या खाली मात्र ते दुहेरी नुकसान करते. एकतर आपण न गेलेला दोष गेला असे समजतो, आणि दुसरे म्हणजे कोटिंगला क्लिअर कोटऐवजी तेलाला चिकटावे लागते.

सिरॅमिक कोटिंगचा सुकलेला थर बहुधा १ मायक्रॉनच्या आगेमागे असतो. तो भरत नाही, झाकत नाही, समतल करत नाही; खाली जे आहे ते तसेच बंद करतो, आणि एकदा पक्का झाला की तो काढायला पुन्हा मशीनच लागते.

रविवार, ९ नोव्हेंबर

काचेजवळचा पट्टा मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिशने, कमी वेगाने आणि मशीनवर केवळ तिच्या वजनाचा दाब ठेवून, पुन्हा काढला. या वेळी प्रत्येक दोन फुटांच्या चौकोनानंतर लगेच पुसून पाहिले. तिसऱ्या फेरीनंतर होलोग्राम परतले नाहीत.

उरलेल्या गाडीवरही हाच नियम लावला आणि डिकीच्या झाकणावर धुरकटपणा सापडला. तो दिव्याच्या सरळ प्रकाशात अजिबात दिसत नव्हता, दिवा बाजूला करून जवळजवळ पत्र्याला समांतर धरल्यावर दिसला. तपासणीसाठी एकच दिवा पुरत नाही हे मला आतापर्यंत पटले आहे: छोटा, तीव्र, एका बिंदूतून येणारा प्रकाश ओरखडे दाखवतो, तर पसरट मंद प्रकाश धुरकटपणा दाखवतो, आणि सूर्यासमोर गाडी उभी केल्यावर या दोन्हींनी चुकवलेले काहीतरी हमखास निघते. दुपारी गाडी बाहेर काढली. डाव्या पुढच्या दाराच्या हँडलखाली बोटभर जागा राहिली होती, ती हाताने केली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

फडकी धुतली. नवीन फडकीसुद्धा आधी धुतल्याशिवाय वापरायची नाहीत, कारण त्यांच्यावर कारखान्यातील कणी, सैल धागे आणि कधीकधी प्रक्रियेचे रसायन असते. साध्या द्रव साबणाने, सुती कपड्यांपासून वेगळी, कोमट पाण्यात धुतली. कपडे मऊ करणारे सॉफ्टनर वापरले नाही. ते धाग्यांवर मेणकट थर ठेवते, आणि मग जे फडके तेल उचलण्यासाठी घेतले तेच फडके स्वतःचा थर पत्र्यावर पसरवते. यातील चार फडकी माझ्या घरच्या धुण्यात चुकून एकदा गेली होती. ती बाजूला काढून चाकांसाठी ठेवली आहेत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

द्रावणाचा प्रयोग. त्यासाठी भंगारातून आणलेले, त्याच प्रकारच्या क्लिअर कोटचे एक जुने मडगार्ड वापरले. त्याचे चार भाग पाडले, प्रत्येक भागावर त्याच फिनिशिंग पॉलिशने काम केले, चुरा पुसला आणि मग वेगवेगळ्या तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहिले: १० टक्के, २५ टक्के, ७० टक्के, आणि चौथ्या भागावर बाजारात पॅनेल वाइप म्हणून मिळणारे तयार द्रावण.

तपासण्यासाठी कसलेही उपकरण लागले नाही. थंड पत्र्यावर जवळून श्वास सोडला की वाफ बसते. पृष्ठभाग स्वच्छ असेल तर ती एकसारखी धूसर बसते आणि एकसारखी उडते, आणि तेल उरले असेल तर त्या वाफेत फडक्याचे फटकारे, बोटांचे ठसे, कधी पॅडची वर्तुळेसुद्धा उमटतात. जिथे तेल आहे तिथे पाण्याचे कण वेगळ्या आकारात जमतात, म्हणून हे चित्र दिसते. पत्रा कोमट असेल तर वाफ धरत नाही, तेव्हा ही चाचणी सकाळीच जमते.

१० टक्क्यांच्या द्रावणाने तेल निघण्याऐवजी सरकले. वाफेत फटकारे स्पष्ट होते. ७० टक्क्यांचे द्रावण फडके पोचेपर्यंत उडून जात होते, फडके पत्र्यावर अडखळत होते आणि दोन ठिकाणी त्याने बारीक ओरखडे टाकले, जे आधी नव्हते. २५ टक्क्यांचे द्रावण दोन हातांत बरे साफ करत होते, पण एका कडेला अस्पष्ट डाग राहिला. तयार द्रावणाने एकाच हातात एकसारखी वाफ दिली.

थोडा विचार केल्यावर हे अपेक्षितच वाटले. आयसोप्रोपिल अल्कोहोल हे तेल काढण्याचे रामबाण औषध असल्यासारखे बोलले जाते, परंतु खनिज तेल त्यात नीट विरघळत नाही, आणि पाणी घातल्यावर तर त्याची ती क्षमता आणखी घटते. म्हणजे पाणी घातलेले द्रावण बहुतांशी तेल सैल करण्याचे आणि फडक्याला घसरण देण्याचे काम करते. तेल प्रत्यक्षात उचलते ते फडके. तयार द्रावणांत अल्कोहोलबरोबर तेलाला मानवणारी इतर सॉल्व्हंट किंवा पृष्ठक्रियाशील, म्हणजे साबणासारखी, द्रव्ये असतात, म्हणून ती पुढे जातात. मग केवळ तीव्रता वाढवत नेण्याला अर्थ उरत नाही: तीव्र द्रावण घसरण देत नाही, लवकर उडते आणि मऊ रंगाला इजा करू शकते.

यावरून ठरवलेला क्रम असा: आधी पूर्ण गाडी तेल सोडवणाऱ्या शाम्पूने धुवायची, कारण तेल पाण्यात तरंगवून नेण्याचे काम शाम्पू अल्कोहोलपेक्षा कितीतरी चांगले करतो; त्यानंतर तयार द्रावणाचा एक हात; आणि सगळ्यात शेवटी, कोटिंगच्या अगदी आधी, २५ टक्के अल्कोहोलचा हलका हात, जो तेलापेक्षा तयार द्रावणाचा अंश आणि नव्याने बसलेली धूळ नेण्यासाठी आहे. ९९ टक्के अल्कोहोल २५० मि.ली. आणि डिस्टिल्ड पाणी ७५० मि.ली. असे मिसळले; मिसळल्यावर एकूण घनफळ किंचित आकसते, पण आपल्या कामाला तो फरक लागत नाही. नळाचे पाणी घेतले नाही, कारण त्यातील क्षार सुकल्यावर पांढरे ठिपके ठेवतात आणि मग ते ठिपके कोटिंगखाली जातात.

शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ सुमारे १२ अंश सेल्सियसलाच पेट घेऊ शकते, म्हणजे सामान्य हवामानात ते कायमच पेट घेण्याजोगे असते. ब्रशची मोटर असलेले पॉलिशर आतून ठिणग्या टाकते. त्यामुळे मशीन बाहेर ठेवून, शटर उघडे ठेवून आणि नायट्राइलचे हातमोजे घालूनच बाटली उघडली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

धुण्याचा दिवस. पॉलिशची पांढरी भुकटी कुठेकुठे शिरते हे मोजायला बसले तर थकायला होते: दारांच्या फटी, आरशाचे सांधे, नंबरप्लेटच्या मागची जागा, इंधनाच्या झाकणाची कड, वायपरच्या बुडाचा खड्डा, रबरी पट्ट्यांच्या खाचा. ती तिथेच राहिली तर दोन गोष्टी होतात. कोटिंग लावताना फडके त्या फटीला लागले की भुकटी बाहेर येऊन ओल्या कोटिंगमध्ये मिसळते. आणि काळ्या खडबडीत प्लॅस्टिकवर ती सुकली की पांढरा डाग पडतो, जो नंतर निघता निघत नाही. मास्किंग टेप लावला होता तरी आरशाच्या बुडाशी तो सुटला होता आणि तिथे डाग पडलाच.

आधी मऊ ब्रश आणि दाबाची हवा यांनी फटी साफ केल्या. मग मेण किंवा चमक वाढवणारे काहीही नसलेला शाम्पू वापरून, स्वच्छ मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) घेऊन, टपापासून खाली गाडी दोनदा धुतली. ‘चमक देणारा’ शाम्पू इथे वापरला तर आपण एका हाताने थर काढतो आणि दुसऱ्या हाताने लावतो.

खळखळून पाणी मारल्यावर पाणी पत्र्यावर कसे वागते ते पाहिले, आणि याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण या चाचणीवर लोकांचा गरजेपेक्षा जास्त विश्वास असतो. धातूवरील तेल ओळखण्यासाठी पाण्याचा पडदा तुटतो का, हे पाहण्याची रीत जुनी आहे: स्वच्छ धातूवर पाणी अखंड पडद्यासारखे पसरते आणि तेलाच्या जागी तो पडदा फाटतो. क्लिअर कोट हा धातू नाही, ते सेंद्रिय रेझिन आहे. तो कितीही स्वच्छ केला तरी त्याच्यावर पाणी काचेवर पसरते तसे पूर्ण पसरत नाही. त्याच्यावर पाणी आळशासारखे सुस्त, चपट्या, वेड्यावाकड्या थारोळ्यांत पडून राहते. कोटिंग केलेल्या पृष्ठभागावर थेंबाचा स्पर्शकोन, म्हणजे त्याची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, १०० अंशांच्या पुढे जातो आणि थेंब उभे, गोल राहतात. उघड्या क्लिअर कोटवर तो याहून बराच कमी असतो. तेव्हा आपण पाहायचे ते एवढेच की सगळ्या पॅनेलांवर पाण्याची वागणूक सारखी आहे का. कुठे थेंब अचानक गोल आणि टपोरे दिसले तर तिथे जुने मेण किंवा तेल उरले आहे.

दुसरीही एक फसगत आहे. शाम्पूचा अंश राहिला तर तोच पाणी पसरवतो आणि खाली तेल असले तरी पत्रा स्वच्छ असल्याचा आभास होतो. म्हणून पहिल्या धुण्यानंतर मला डिकीवर जो सुंदर सपाट पडदा दिसला त्यावर विश्वास न ठेवता पुन्हा भरपूर पाणी मारले, तेव्हा नंबरप्लेटच्या वर, हाताच्या पंजाएवढ्या जागेत, टपोरे थेंब उभे राहिले. तिथे तयार द्रावणाने पुसून पुन्हा पाणी मारल्यावर तेही चपटे झाले.

सुकवण्यासाठी प्रथम हवेचा झोत वापरला आणि मग मोठे फडके नुसते ठेवून उचलले, ओढले नाही. फटींतून पाणी तासभर झिरपत राहिले. आरसे, दिव्यांच्या कडा आणि डिकीची वरची पट्टी ही ठिकाणे सुकली असे वाटूनही पुन्हा ओघळतात. कोटिंगच्या मधोमध असा ओघळ आला तर ते पॅनेल वाया जाते. म्हणून धुणे आणि कोटिंग यांच्यामध्ये मुद्दाम एक रात्र ठेवली आहे. गाडी शेडमध्ये घेऊन शटर बंद केले. जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवण्याची कल्पना आली होती, पण बंद जागेत रात्रभर तेवढी दमट हवा ठेवणे बरे वाटले नाही. त्याऐवजी ओल्या पोछ्याने फरशी पुसली.

रविवार, १६ नोव्हेंबर, सकाळ

साडेसहाला शटर उघडले आणि काही मिनिटांतच टपावर हलकी धूसरता दिसली. पत्र्याचे तापमान १४ अंश होते, तर आत शिरलेली हवा १९ अंश आणि तिची सापेक्ष आर्द्रता ८० टक्के. अशा हवेचा दवबिंदू १५ अंशांच्या थोडा वर असतो, म्हणजे पत्रा दवबिंदूच्या खाली होता आणि त्याच्यावर दव जमत होते. हे दव इतके बारीक होते की बोट फिरवल्याशिवाय ओळखू येत नव्हते, आणि मी आज फक्त हवेचे तापमान पाहिले असते तर त्याच्यावरच कोटिंग ओढले असते. थांबलो. साडेदहाला पत्रा आणि हवा दोन्ही २२ अंशांवर आले, आर्द्रता ५८ टक्क्यांवर उतरली आणि दवबिंदू १३ च्या आसपास गेला. नऊ अंशांचे हे अंतर पुरेसे आहे.

तोवर तयार द्रावणाचा हात सुरू केला. दोन फडकी घेतली: पहिल्यावर द्रावण फवारून पत्र्यावर एका दिशेने पसरवायचे, आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचे. द्रावण थेट पत्र्यावर फवारले तर ते आपण पोचण्याआधी कडेने सुकते आणि खूण सोडते. प्रत्येक फडक्याच्या चार घड्या करून आठ बाजू मिळतात. एका पॅनेलला दोन बाजू, त्यानंतर बाजू बदलायची. पहिल्या अर्ध्या बॉनेटवरच फडक्याची बाजू हाताला किंचित तेलकट लागली. दोनदा धुऊनही इतके तेल शिल्लक होते.

दाब अजिबात द्यायचा नाही. पॉलिश केलेला मऊ क्लिअर कोट या क्षणी पूर्ण उघडा असतो. त्याच्यावर मेण नाही, तेल नाही, घसरण देणारे काही नाही, आणि म्हणूनच धुळीचा एक कणसुद्धा फडक्याखाली आला तर ओरखडा टाकतो. दोन आठवड्यांची मेहनत शेवटच्या पुसण्यात घालवण्याची ही हमखास जागा आहे.

पुढच्या बंपरवर मी चूक केली. सवयीने फडके तिथेही फिरवले आणि दोन मिनिटांत मधल्या भागावर दुधाळ मंदपणा आला. सात आठवड्यांच्या रंगात अजून सॉल्व्हंट अडकलेले असू शकते, थर पूर्ण घट्ट झालेला नसतो, आणि बाहेरून आलेले सॉल्व्हंट त्याला फुगवते. साध्या हवेवर सुकवलेल्या नव्या रंगावर मेण किंवा कोटिंग लावण्याआधी साधारण ३० ते ९० दिवस थांबावे असे सांगितले जाते ते याचसाठी: वरून झाकण बसले तर आतले सॉल्व्हंट बाहेर पडायला वाट राहत नाही. बंपरला पुढे हात लावला नाही. तो कोटिंगमधून वगळला आणि जानेवारीच्या शेवटी पुन्हा पाहायचे ठरवले.

मागच्या बंपरवर वेगळीच अडचण आली. तो जुना आहे, रंग घट्ट आहे, पण कोरड्या फडक्याने प्लॅस्टिकवर स्थिर विद्युतभार तयार होऊन हवेतली कणी पुन्हा पुन्हा येऊन चिकटत होती. जितके पुसावे तितकी धूळ वाढत होती. किंचित दमट केलेल्या फडक्याने एकदाच पुसून तो सोडून दिल्यावर प्रकार थांबला.

रविवार, १६ नोव्हेंबर, दुपार

प्रत्येक पॅनेलवर कोटिंगच्या लगेच आधी २५ टक्क्यांचा हलका हात, बाजूने दिव्याची एक नजर, मग दोन फुटांच्या चौकोनात आडवे आणि उभे असे कोटिंग. सगळी गाडी आधी पुसून घ्यायची आणि मग कोटिंगला सुरुवात करायची, असा सोपा मार्ग होता, पण शेवटच्या पॅनेलपर्यंत पोचायला तीन तास लागतात आणि तेवढ्या वेळात धूळ पुन्हा बसते. माझ्या बाहीचा घाम, हाताचा ठसा, काहीही लागू शकते. म्हणून पॅनेलागणिक हाच क्रम ठेवला.

बॉनेटवर कोटिंग पुसण्याची योग्य वेळ तीन मिनिटांवर सापडली: इंद्रधनुषी झाक येऊन ती तुटक होऊ लागली की उचलायचे. टपावर, दिव्यांच्या उष्णतेमुळे बहुधा, तीच वेळ दोन मिनिटांवर आली आणि एका ठिकाणी उशीर होऊन गडद पट्टा राहिला. त्यावर लगेच त्याच कोटिंगचा ओला हात फिरवून तो मोकळा केला आणि पुसला. असे पट्टे पक्के व्हायच्या आत सापडले तरच सुटतात, म्हणून प्रत्येक पॅनेलनंतर दिवा बदलून पुन्हा पाहिले.

उजव्या मागच्या दारावर, म्हणजे पुन्हा रंगवलेल्या, कोटिंगवर ती झाक इतर दारांपेक्षा उशिरा आली. कारण रंगाचा प्रकार असावा. तिथे एक मिनिट जास्त दिले.

सोमवार, १७ नोव्हेंबर

गाडी रात्रभर शेडमध्येच होती, पाण्याचा एक थेंबही लागू दिला नाही. सकाळी बाहेर काढून उन्हात पाहिली. बॉनेटच्या काचेजवळच्या पट्ट्यात होलोग्राम नाहीत. टपावर, डाव्या कडेला, नाण्याएवढा एक गडद डाग राहिला आहे, जो काल कुठल्याही दिव्यात दिसला नव्हता. आता तो फडक्याने निघणार नाही, त्यामुळे पुढच्या आठवड्यात मऊ पॅडने तेवढीच जागा काढून, पुन्हा पुसून, पुन्हा कोटिंग लावावे लागेल.

पुढच्या बंपरवरचा दुधाळपणा रात्रीत आपोआप गेला.